हेडला बोल्ट की स्टड, आणि रामटेके काका

गॅरेजमध्ये किस्से जमवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. दुरुस्त केलेलं इंजिन धड चालत राहिलं तर त्याचा किस्सा होत नाही. परत आलं, की झाला! गोंदियाहून नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिंपळाच्या वळणाअलीकडे आमचं गॅरेज आहे. तिथे अलीकडे किस्से फार झालेत, आणि सांगताना मला पूर्वीसारखं हसू येत नाही.

आम्ही दोघंच. मी, आणि मला पाना धरायला शिकवणारे रामटेके काका. काम ट्रॅक्टरचं आणि पंपाच्या डिझेल इंजिनांचं. इंजिनाच्या डोक्यावरचं जड झाकण म्हणजे हेड. ते खालच्या ब्लॉकवर बसवायला एक तर बोल्ट लावा, नाही तर स्टड. बोल्ट वरून घालून पान्यानं पिळायचा. स्टड म्हणजे दोन्हीकडे आटे असलेली बिनडोक्याची सळई. ती आधी ब्लॉकमध्ये बोटांनी फिरवून उभी करायची, वरून हेड उतरवायचं आणि मग नट कसायचे. एवढ्याशा निवडीवरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो.

* * *

काका पक्के बोल्टवाले. म्हणायचे, "बोल्ट हाताले सांगते, आता बस. मंग थांबाचं."

एकदा कंपनीचा माणूस काट्याचा पाना घेऊन आला. किती जोर लागला ते त्या पान्यावरचा काटा दाखवतो. काकांनी नुसत्या हातानं कसलेले सगळे बोल्ट त्यानं एकेक करून तपासले. काटा दर वेळी त्याच आकड्यावर. तो माणूस आपलाच पाना उलटसुलट करून बघायला लागला.

काकांनीच त्याला धीर दिला. "घाबरू नोका साहेब. तुमचा पाना बरोबर हाय."

* * *

दवनीवाड्याचे पटले आमचे जुने गिऱ्हाईक. एक दिवस हट्टाला पेटले, "माझ्या ट्रॅक्टरले स्टडच टाका. मोबाइलमधी पाहिलो ना मी, रेसच्या गाड्याइले स्टडच राहते."

काकांनी विचारलं, "तुमाले चिखलणी कराची हाय का रेस लावाची?"

"चिखलणीच. पण जोरात."

टाकले स्टड. पुढच्या हंगामात हेड आणि ब्लॉकच्या मधलं गास्केट गेलं. बोल्ट असते तर ते काढून हेड आडवं सरकवून बाहेर घेता आलं असतं. स्टडवरून मात्र हेड सरळ वरच उचलावं लागतं, आणि वर डिझेलची टाकी! टाकी काढा, बॉनेट काढा, पाइप काढा. अर्ध्या दिवसाच्या कामाला दोन दिवस गेले. रोवणी खोळंबली. पटले दोन्ही दिवस समोर स्टुलावर बसून होते. शेवटी हळूच म्हणाले, "मोबाइलमधी टाकी नव्हती दाखवली."

* * *

मग इंजिनं परत यायला लागली.

एका राइस मिलचे मुनीमजी दुसऱ्यांदा आले. "भैया, पिछली बार तेल पानी में जा रहा था. इस बार पानी तेल में जा रहा है."

"म्हंजे काहीतरी फरक पडला," काका म्हणाले.

मुनीमजी हसले, मीही हसलो. हेड उघडलं आणि माझं हसू गेलं. एका बाजूचे बोल्ट नको तितके कसलेले, दुसऱ्या बाजूचे सैल. ते काकांनी कसले होते. मी मुनीमजींना सांगितलं, गास्केटच खराब निघालं.

* * *

बोल्टची भोकं तळाला बंद असतात. त्यात तेल राहिलं तर वरून उतरणारा बोल्ट ते दाबतो, आणि तेल ब्लॉकच फोडतं. म्हणून आधी भोकं कोरडी करायची. काकांनी पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं होतं.

एक दिवस एका ब्लॉकच्या भोकात तेल राहिलं होतं आणि काका कसत होते. बोल्ट जड लागतोय हे हाताला कळायला हवं होतं. बारीक आवाज झाला. ब्लॉकला केसाएवढी चीर.

काकांनी फडक्यानं ती पुसून पाहिली. "लोखंडच हलकं येऊन राहिलं आजकाल."

"हो काका," मी म्हणालो.

दुपारी चहा आला. मला बोट लावता येईना, इतका गरम ग्लास काकांनी मुठीत धरला होता आणि ते निवांत बोलत होते. शुगरनं त्यांच्या बोटांतली जाणीवच गेली होती. मला तिथेच रडू आलं.

* * *

आता कसू नका, हे त्यांना सांगायचं कसं? मी चार वेळा ठरवलं, चारही वेळा जीभ उचलली नाही. त्यात गिऱ्हाइकं म्हणायची, "मिस्त्री सोता कसनार असन तरच गाडी ठेवतो." पाना हातातून काढून घेतला, तर त्या माणसाकडे काय उरणार होतं?

मग मी एक चोरी सुरू केली. एक वाजता काका घरी जेवायला गेले, की त्यांनी कसलेलं सगळं सैल करायचं आणि लपवून ठेवलेल्या काट्याच्या पान्यानं ठरलेल्या आकड्यावर पुन्हा कसायचं. इंजिनं परत येणं थांबलं. पटले सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्रीचा हात तो मिस्त्रीचाच हात." काका पाना पुसत राहिले. मला वाटलं, निभावलं.

* * *

परवा अर्जुनी मोरगावहून पंपाचं इंजिन आलं. उन्हाळी धान पाण्यावाचून उभा होता. मी बोल्ट काढून ठेवले, तर काका म्हणाले, "नाही. स्टड टाकू."

जन्मभर बोल्टची बाजू घेणारा माणूस! मी वाद घातला. "काऊन पण काका?"

"वर टाकी हाय का या इंजिनाले? मंग?"

त्यांनी भोकं स्वतः पुसली, तीनदा हवा मारली. एकेक स्टड दोन बोटांनी फिरवत उभा केला. आम्ही दोघांनी मिळून हेड उतरवलं. नट त्यांनी बोटांनीच टेकवले आणि हात धुवायला लागले. अजून बारासुद्धा वाजले नव्हते.

"काका, कसाचं राहिलं ना."

"बोटानं बसते तेवढं माझं. बाकीचं तू कस. मी जेवून येतो."

"इतक्या लवकर?"

त्यांनी सायकल काढली, फडक्यानं सीट पुसली.

"मले जेवाले दहा मिनिटं लागते बे. तुयं कसणं होयेपर्यंत रोज त्या वळणावरच्या पिपराखाली बसून राहतो मी."