गादी गरम नसते

“लेकराला त्या सलॅबखाली न्हाई नेऊ देणार,” गयाबाई म्हणाल्या आणि शेडच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या.

त्यांच्या मागे बाजेवर त्यांची मुलगी लता होती. तिच्या कुशीत दीड तासापूर्वी जन्मलेलं बाळ. वजन एक किलो सातशे. मी बाळाच्या पायाला हात लावला. पाय गार होते. मग पोटाला हात लावला. पोटही गार होतं.

ही तपासणी कुणालाही घरी करता येते. पाय गार पण पोट गरम असेल, तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार असतील, तर बाळ धोक्यात आहे. थंड पडलेलं बाळ आधी रडणं सोडतं, मग दूध ओढणं, आणि शेवटी श्वास. लताच्या बाळाने रडणं सोडलं होतं.

भूकंपानंतरचा तो दुसरा हिवाळा. लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी इंटर्न होते. इंटर्न म्हणजे परीक्षा पास झालेली, पण अजून कुणाच्या तरी हाताखाली शिकणारी डॉक्टर. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. अब्बा नांदेडला पिंजारी. कापूस पिंजून गाद्या आणि रजया भरायचे. लातूरला खोली करून मी क्लास लावला होता आणि त्या जोरावर मेडिकलला लागले. क्लासने एक सवय लावली होती. प्रश्न दिसला की उत्तर तयार. कमी वजनाचं थंड बाळ? वॉर्मर.

आमचा वॉर्मर म्हणजे शंभरचे दोन बल्ब बसवलेली लाकडी पेटी. ती वॉर्डात होती आणि वॉर्ड सलॅबखाली. पेटी बाहेर आणावी तर नातेवाइकांच्या स्वयंपाकाच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लग नव्हता.

“मावशी, ही बिल्डिंग पक्की आहे. तेव्हाही हिला काही झालं नाही,” मी म्हणाले.

“आमचं माळवद बी पक्कंच होतं, डाक्टरीणबाई. शंभर वर्सं हाललं न्हाई.”

माळवद म्हणजे दगडी भिंतींवरचं मातीचं जाड छत. गयाबाईंची धाकटी लेक त्याच्याखाली गेली होती. कळा येत होत्या तेवढा वेळ त्या लतासोबत आत थांबल्या, तेही वर बघत. नाळ कापली आणि त्यांनी लेकीला व नातवाला शेडमध्ये आणलं. आता डोक्यावर फक्त पत्रा होता. पत्रा पडला तरी माणूस वाचतं, असा त्यांचा हिशोब. 

मग मला माझी युक्ती सुचली. खरं सांगायचं तर मी खूश झाले. स्टोअरमधून कापसाचा बंडल आणला. तो बोटांनी सोडवून, फुलवून, अब्बा करतात तसा मऊ थर केला. बाळाला कोरडं करून त्यात ठेवलं, वरून पुन्हा कापूस, डोक्यावर टोपडं, त्यावर दोन दुपटी. शेजारी चुलीवर भाकरी थापणारी एक बाई म्हणाली, “डाक्टरीणबाईनं काय झ्याक गादी केली बगा!” पिंजाऱ्याची लेक आहे म्हटलं मी.

अर्ध्या तासाने थर्मामीटर लावला. ताप मोजायच्या साध्या थर्मामीटरची पहिली रेघ चौऱ्याण्णवची असते. पारा त्या रेघेपाशीच होता. मी झटकून पुन्हा लावला. तिथेच. मला वाटलं थर्मामीटर बिघडला. तो स्वतःच्या काखेत धरला. साडेअठ्ठ्याण्णव आले.

ओपीडी आटोपून सर आले. आमचे मेडिकल ऑफिसर. कमी बोलायचे.

“किती वेळ झाला कापसात ठेवून?”

“अर्धा तास, सर.”

“वडील काय करतात तुझे?”

“गाद्या भरतात, सर.”

“मग रिकाम्या गादीवर हात ठेवला तर गरम लागते का?”

अब्बा थंडीच्या दिवसांत प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगायचे. ‘भाई, रजई गरम नै रहती. आदमी गरम रहता, रजई पकड के रखती.’ लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेलं. आणि मी थंड बाळाला कापसात गुंडाळून त्याची थंडीच पकडून ठेवली होती.

“ह्याला गरम माणूस पाहिजे,” सर म्हणाले. “उघड्या छातीवर, कातडीला कातडी. वरून तुझी गादी चालेल.” याला कांगारू केअर म्हणतात, हे पुढे ऐकलं. तेव्हा सर नुसतं ‘अंगाला लावणं’ म्हणायचे.

पहिला मान आईचा. पण लताला बाळंतपणानंतरची हुडहुडी भरली होती. सलाइन चालू, दातांवर दात वाजत होते. गयाबाईंना पंधरा दिवसांचा खोकला. मी स्वतः बसावं, तर लेबर रूममध्ये दुसरी बाई कळा देत होती.

तेवढ्यात शेडच्या बाहेर सायकल पडल्याचा आवाज आला. लताचा नवरा माधव. लातुरात क्लासच्या पोरांना जेवणाचे डबे पोचवायचा. पहाटे कळा सुरू झाल्याचा निरोप मिळताच डबे तसेच टाकून निघाला आणि दोन-अडीच तास सायकल मारत आला. त्या थंडीत त्याच्या मानेवरून वाफ निघत होती.

“सर,” मी म्हणाले, “हा गरम आहे.”

सर पहिल्यांदा हसले. “चांगलाच.”

मी माधवला म्हटलं, सदरा काढा, टॉवेलने अंग कोरडं करा, बाळाला छातीवर घ्यायचंय. वरची गुंडी सोडून तो माझ्याकडे बघतच राहिला. सासूसमोर जावयाने उघडं बसायचं! गयाबाईंनी पदर ओढला, पत्र्याकडे तोंड केलं. त्या जावयाशी थेट बोलत नसत. मधे लता लागायची.

“लते, जावयबापूला म्हणावं, बाराव्याच्या आदी बापानं लेकराला शिवायचं न्हाई. इटाळ हाय.”

“आई म्हनतेय...” लता कापत म्हणाली.

“ऐकलं म्या,” माधव म्हणाला आणि सदऱ्याची वरची गुंडी पुन्हा लावली.

भाकरीवाली म्हणाली, “दाजी, लाजून ऱ्हायलाव का? आज तुमीच बाळंतीण!” शेडमधल्या बायका हसल्या. माधव आणखी मागे सरला.

मला भाषण करता येत नाही. अजूनही नाही. मी गयाबाईंचा हात धरला, दुपट्याखाली नेला आणि बाळाच्या पोटावर ठेवला. त्यांनी आतापर्यंत फक्त कपाळ चाचपलं होतं. त्यांचा हात तिथे राहिला. मग त्यांनीच तो पायांवर नेला, पुन्हा पोटावर आणला.

गयाबाई वळल्या. पदर मागे झाला तरी सावरला नाही. जावयाच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “बापू, सदरा काढा.”

त्याने काढला. मी त्याचं अंग खसाखसा पुसलं. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं ठेवून त्याच्या छातीवर पालथं घातलं, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून लताच्या लुगड्याने दोघांना बांधलं आणि त्यावर माझा कापूस.

“हलायचं नाही,” मी म्हणाले.

“श्वास घेतला तर चालंल का?” त्याने दबक्या आवाजात विचारलं. तो गंमत करत नव्हता.

अर्ध्या तासाने पारा साडेपंच्याण्णवला आला. तासाने सत्त्याण्णव. थोड्या वेळाने बाळ रडलं. बारीक, चिडकं. माधवही रडला, पण मान वळवता येत नसल्याने लपवता आलं नाही. लताची हुडहुडी थांबली होती. तिने वाटीत पिवळसर चीक काढला आणि गयाबाईंनी तो बोंडल्याने थेंब थेंब पाजला. बाळाने गिळला. दुपारी सत्त्याण्णव पॉइंट आठ झालं आणि मग मी जेवले.

माधव सायकलवर बसल्यासारखा ताठ, चार तास बसून होता. मधेच म्हणाला, “क्लासची पोरं आज उपाशी हायत.”

“मी त्याच क्लासची. एक दिवस चालतं,” मी म्हणाले.

गयाबाई सलॅबखाली शेवटपर्यंत आल्या नाहीत. आम्हीच शेडला ताडपत्री लावून दिली. नऊ दिवस बाळ कधी लताच्या, कधी माधवच्या छातीवर राहिलं. दहाव्या दिवशी वजन एक किलो आठशे भरलं आणि पाय-पोट दोन्ही गरम. सर म्हणाले, “सोड घरी.”

पहिल्या दिवसाचा केसपेपर मात्र माझ्यासमोर तसाच पडला होता. ‘उपचार’च्या रकान्यात काय लिहावं कळेना. औषध दिलं नव्हतं, वॉर्मर वापरला नव्हता. सरांना विचारलं.

“जे वापरलं ते लिही,” ते म्हणाले.

मी लिहिलं: ‘वडील, चार तास. वरून कापूस.’ सरांनी वाचलं आणि खाली सही केली.

तेव्हापासून नवीन इंटर्न आला की मी त्याला आधी रिकाम्या गादीवर हात ठेवायला सांगते.