उल्कावीराच्या आईचं वाक्य

वाचनालयात रविवारी सकाळी जी मंडळी जमायची, त्यांना बाहेरच्या जगात बऱ्यापैकी मान होता. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते, बस चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, कॉलेजात जाणारी एक मुलगी होती, आणि बाकीचे असेच नोकरदार, संसारी. पण महिन्यातून एकदा ही माणसं लांब टेबलाभोवती बसून उल्कावीर नावाच्या चित्रकथेतल्या वीरावरून अशी भांडायची, की शेजारच्या खोलीतले म्हातारे आपापलं वर्तमानपत्र उचलून व्हरांड्यात जायचे.

पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी जी बाई बसायची ती सहासष्ट वर्षांची होती. पुस्तकांच्या पाठीवर ती नावं आणि क्रमांक इतके देखणे काढायची की सगळे तिला अक्षरमावशी म्हणत. रविवारची पाळी कुणालाच नको असते, मावशीने मात्र ती सहा वर्षांपूर्वी मागून घेतली होती. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. बैठक चालू असताना दार वाजलं की ती नोंदवहीतून मान वर काढायची, येणाऱ्याचा चेहरा न्याहाळायची आणि पुन्हा लिहायला लागायची. साठीला टेकलेला एक माणूस त्या दारातून येईल, अशी तिला आशा होती. तो माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

धाकटा एकोणीस वर्षांचा असताना घर सोडून गेला. शिकायचं काय यावरून वडिलांशी वाद झाला, शब्दाने शब्द वाढला, आणि वडील म्हणाले, "गेलास तर या घराचं दार तुला बंद." धाकटा वडिलांचाच मुलगा, तोही तसलाच हट्टी. त्याने चपला घातल्या आणि तो गेला. त्या दिवसापासून वडील झोपण्याआधी दाराला कडी लावायचे आणि ते झोपले की मावशी ती काढून ठेवायची. पुढे आईवडील गेले, मोठी बहीण लग्न होऊन गेली, मावशी त्याच दोन खोल्यांत राहिली. चाळीस वर्षांत तिने दाराला एकदाही कडी लावली नाही. एकदा चोर येऊन गेला. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि काही न नेता दार नीट ओढून घेतलं. बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल.

आता गुडघे दोन जिने चढायला तयार नव्हते. बहिणीच्या मुलीने, म्हणजे भाचीने, लिफ्ट असलेलं नवं घर घेतलं होतं. त्यात एक खोली मावशीसाठी ठेवली होती आणि तीन महिने ती मावशीच्या मागे लागली होती. शनिवारी तिने फोनवर शेवटचं विचारलं.

"मावशी, आज हो उद्या नाही असं किती दिवस करणार? माझ्या ऑफिसातली एक जण खोलीसाठी थांबलीये. उद्या संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर मी तिला देते."

"सांगते," मावशी म्हणाली. घर सोडायला तिची ना नव्हती. पण धाकटा आला तर त्या दारापाशी येणार. तिथे दुसरंच कुणी राहत असेल तर तो काय समजेल, या विचाराशी तिचं घोडं दर वेळी अडायचं.

रविवारी बैठकीत आधीच ठिणगी पडली होती. उल्कावीराची जन्मकथा नव्याने सांगणारा अंक आला होता आणि तो सगळ्यांनी वाचला होता. जुनी कथा अशी: खाणीत उल्का पडते, बापाला वाचवायला गेलेला मुलगा ती उचलतो, आणि त्याच्या अंगात अशी आग भरते की तो ज्याला हात लावील ते जळून जाईल. तो घर सोडून निघतो तेव्हा आई दारात उभी राहून म्हणते, "जा. दाराला कडी लावणार नाही." नव्या कथेत आई घाबरते. मुलगा अंगणात असतानाच ती दार लावून घेते.

"हे काय लिहिणं झालं?" डॉक्टर म्हणाले. "अहो, सगळ्या जगाने हाकललं तरी तो जगाला वाचवतो, कारण एक दार उघडं आहे हे त्याला ठाऊक असतं. ते काढलं तर राहिलं काय? नुसती आग."

"काका, जुनी आई फार गोड आहे," कॉलेजातली मुलगी म्हणाली. "दात किडतील इतकी. तुमच्या धंद्याला बरं आहे ते. खरी आई घाबरेल. आणि तरी तो चांगला वागतो, हे मला मोठं वाटतं."

हशा पिकला. मग तिने पिशवीतून एक अंक काढला. मूळ परदेशी भाषेतला पहिला अंक पुन्हा छापला होता, तो तिने मागवला होता. "आणि तुमचं ते वाक्य मुळात नाहीच. हे बघा. आई एकच शब्द बोलते. जा."

अंक हातोहात फिरला. आईच्या तोंडाशी काढलेल्या, बोलण्याच्या मोठ्या फुग्यात जाडजूड अक्षरांत खरोखरच एक शब्द होता. डॉक्टरांचा चेहरा पडला. ज्या वाक्यासाठी नव्या लेखकाला एवढ्या शिव्या घातल्या, ते वाक्य कुणी लिहिलं हेच माहीत नाही म्हणजे काय. "भाषांतर करणाऱ्याने घातलं असेल," ते म्हणाले.

"त्यांनी 'जा' एवढंच लिहून दिलं होतं," मावशी आपल्या टेबलावरून म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. सहा वर्षांत मावशी या विषयावर अवाक्षर बोलली नव्हती.

"मी त्या छापखान्यात होते," ती म्हणाली. "चित्रं बाहेरून यायची, फुगे कोरे करून. त्यांत आपल्या भाषेतली वाक्यं हाताने लिहायचं काम माझं. फुगा रिकामा दिसता कामा नये, अशी संपादकांची ताकीद होती. हा फुगा केवढा मोठा, आणि शब्द एक. ठळक करून लिहिता आला असता. मी नाही लिहिला."

डॉक्टरांनी पिशवीतला आपल्या भाषेतला जुना अंक उघडला आणि पाठीवर मावशीच्या हातचं नाव असलेलं एक पुस्तक शेजारी ठेवलं. पुरावा पाहिल्याशिवाय दातसुद्धा न काढणारा माणूस तो. पुस्तकाच्या पाठीवरचा 'ज' आणि फुग्यातला 'ज' एकाच हाताचे होते.

"कुणासाठी लिहिलंत?" मुलीने विचारलं. तिचा आवाज आता अगदी हळू होता.

"धाकट्या भावासाठी. घर सोडून गेला होता. चित्रकथांचं त्याला वेड. दर शुक्रवारी निघणारा हा अंक तो कुठेही असला तरी घेणार, आणि माझं अक्षर ओळखणार, असं वाटलं."

"आले का?"

"नाही."

मग बसचालक खाकरले. "मावशी, मी आलो होतो," ते म्हणाले. "म्हणजे माझ्या घरी. अठरा वर्षांचा होतो. घरातून पळालो होतो, बसच्या थांब्यावर कुणीतरी टाकलेला हा अंक वाचला. ते वाक्य वाचलं आणि उलट दिशेची गाडी पकडली. म्हणून तर इथे येतो मी दर महिन्याला."

मावशीला आनंद झाला. तिचं पत्र पोचलं होतं, पण दुसऱ्याच पत्त्यावर. तिने नोंदवही मिटली. मग तिने विचारलं, "तुम्ही घरी पोचलात तेव्हा दार उघडं होतं का?"

"छे हो," बसचालक म्हणाले. "चांगली कडी होती आतून. आईला काय माहीत मी येणारे? वाजवली. आधी कुत्रं भुंकलं, मग आईने उघडलं."

मावशीने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. चाळीस वर्षं तिने दार राखलं होतं. दार उघडं राहिलं की माणूस येतो, असं ती धरून चालली होती. येणारा बंद दारही वाजवतो, हे इतकं साधं, पण ते तिला कधी सुचलं नव्हतं. म्हणजे त्याला यायचं नव्हतं. किंवा ते वाक्य त्याने वाचलंच नव्हतं. किंवा तो आता नव्हताच. तिन्ही गोष्टी तिने मनात एकेक करून म्हटल्या. तिसरी म्हणताना डोळे भरून आले आणि चष्मा पुन्हा पुसावा लागला. तरी तो यावा असंच तिला वाटत होतं, कालच्याइतकंच.

मुलगी उठून तिच्याजवळ आली. "मावशी, वाक्य मुळात नसलं म्हणून काय झालं," ती म्हणाली. "आपल्याकडच्या उल्कावीराची आई तुम्हीच लिहिलीत. ही जन्मकथा आपल्या भाषेत पुन्हा छापतील तेव्हा ते वाक्य कुठेतरी हवं. आपण प्रकाशकांना पत्र पाठवू. वाचकांच्या पत्रांत छापतात ते, सगळीकडे जातं."

इतक्या बैठकांत प्रथमच डॉक्टर आणि मुलगी यांचं एकमत झालं. पत्र डॉक्टरांनी सांगायचं आणि मावशीने लिहायचं ठरलं. मावशीने जुन्या निबचं पेन शोधून काढलं, शाई भरली आणि एका पानात सगळं लिहिलं.

"खाली पत्ता वाचनालयाचा घाला," डॉक्टर म्हणाले.

"थांबा जरा," मावशी म्हणाली, आणि तिने भाचीला फोन लावला. "ऐक. खोली कुणाला देऊ नकोस, मी येते. आणि तुझा पत्ता सांग. नीट, पूर्ण सांग."

भाची सांगत गेली तसं मावशी एकेक अक्षर सुटं, ठसठशीत लिहीत गेली. पत्ता संपल्यावर तिने आपलं नाव लिहिलं, धाकटा तिला ज्या नावाने हाक मारायचा ते. कागद जवळजवळ भरला होता. उरलेल्या जागेत तिने आणखी एक ओळ लिहिली: तिसरा मजला, डावीकडचं दार. आतून बंद असतं. बेल वाजवली की मी उठते.