उष्ट्या ग्लासांचा वास

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, एका हॉटेलात ग्लास धुतात. एकोणीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. दारूचा थेंब कधी जिभेला लावला नाही, पण उष्ट्या ग्लासाच्या वासावरून त्यात कुठली शॅम्पेन होती ते सांगतात. देवाचं नाव घेणाऱ्या घरात हा विषय नको, असं मी एकदा तोंडावर म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "वहिनी, नाक देवानंच दिलंय."

मागच्या वर्षी हॉटेलात ग्लास धुऊन वाळवणारं मशीन आलं. मॅनेजरांनी हुकूम काढला की ग्लासाला फडकं लागता कामा नये, सूत चिकटतं. वन्संच्या हाताची खोड जाईना. दोनदा लेखी ताकीद मिळाली; तिसऱ्यांदा सापडलात तर घरी बसा, असं त्यांनी बजावलं. दम्यामुळे ह्यांचं काम सुटलेलं, तेव्हा घर वन्संच्याच नोकरीवर चालतं.

गुरुवारी सकाळी वर्षभराची शॅम्पेन ठरवायची होती. चाखणारे तिघे: मालकीणबाई, मॅनेजर आणि वाइन वाढणारे काका. बाटल्या चार, ग्लास बारा. नऊ वन्संनी सवयीनं पुसून ठेवले होते. उरलेले तीन मशीनमधून उशिरा निघाले, पुसायला सवड झाली नाही. तेच नेमके तिसऱ्या बाटलीला लागले.

पहिली साखर अजिबात न घातलेली. मालकीणबाईंना ती लिंबाच्या सालीसारखी लागली, दातांना झोंबणारी. दुसरी नुसत्या हिरव्या द्राक्षांची, हलकी. दोन्हींत बुडबुड्यांच्या माळा सरसर वर चढत होत्या. तिसरी काळ्या द्राक्षांची, बरीच वर्षं तळघरात निजवलेली. ग्लासात ओतली तर साध्या पाण्यासारखी निपचित. मालकीणबाईंनी ग्लास उचललासुद्धा नाही, कागदावर काट मारली आणि चौथी, गुलाबी, मागवली. काका म्हणाले, निदान तोंडाला लावून तरी बघा. मॅनेजर हसले, काकांची निवड काकांसारखीच थकलेली निघाली म्हणाले.

वन्सं ते ग्लास उचलायला गेल्या. नाकाशी वास आला, भाजलेल्या पावाचा आणि बदामाचा. ट्रे हातात धरून त्या तिथंच थांबल्या. बोलल्या तर नोकरी जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बाई, ही मेलेली नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचे ग्लास मी फडक्यानं पुसलेत. हे तेवढे राहिले."

काकांनी मग समजावलं की बुडबुड्याला उठायला काहीतरी आधार लागतो, फडक्याचं डोळ्याला न दिसणारं सूतही पुरतं. वन्संनी एक ग्लास पुसून दिला. त्यात तीच शॅम्पेन ओतली आणि तळापासून माळ सुटली. मालकीणबाईंनी ती चाखली, पुन्हा चाखली, आणि काट खोडली. शेवटी निवडली मात्र गुलाबीच, कारण पाहुण्यांना रंग आवडतो.

मॅनेजरांनी वन्संना सोमवारी निकाल ऐकायला बोलावलं. चार दिवस मी जपाला बसले की माळ हातात आणि मन हॉटेलात. वन्संना विचारलं, कशाला बोललात? कोण तुम्हाला विचारत होतं? त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "माझ्या ग्लासांमुळे चांगल्या मालाला नावं ठेवली. ऐकवेना."

सोमवारी निकाल लागला. नोकरी राहिली, पण ग्लासांचं काम काढून घेतलं आणि त्यांना चादरी धुण्याच्या खोलीत पाठवलं. त्या खोलीत साबणाशिवाय कसला वास नाही. पहिल्या दिवशी घरी आल्या आणि न जेवताच आडव्या झाल्या.

आता शनिवारी दुपारी काका तिथं जातात, वरून रुमाल झाकलेले दोन-तीन उष्टे ग्लास घेऊन. वन्सं हात पुसतात, वास घेतात आणि सांगतात. परवा एक चुकल्या. शेवटी एकदा चकवलं म्हणून काकांना फार आनंद झाला म्हणे.