गोंदलेला हात

माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे. तुळस, विंचू आणि मधे ठिपके. आमच्या वेळी हात कोरा घेऊन सासरी गेलं तर टोमणे बसत. भातकापणी उरकली की गोंदणारी बाई यायची. आम्ही पोरी अंगणात ओळीने बसायचो. सुई एकच. एकीचा हात झाला की लुगड्याला पुसायची आणि दुसरीला टोचायची. रडलं तर आई म्हणायची, मेल्यावर एवढंच बरोबर येतं.

हे सगळं मीच नातीला हौसेने सांगितलं होतं. ती नववीत आहे. तिची आई, माझी सून, खालापूरला कंपनीत जाते, त्यामुळे पोरगी माझ्याच हातचं खाऊन वाढली.

गेल्या थंडीत तिने माझ्या हातचं खाणं सोडलं. आधी पोट दुखतं म्हणाली. मग स्वतःचं ताट वेगळं घासायला लागली. मी भाकरी थापत असले की माझ्या हाताकडे बघत बसायची. शेवटी मी तिला चुलीपाशीच धरलं.

“काय गं, माझ्या भाकरीत किडे पडले काय?”

“तसं नाय, आजी.”

“मग कसं?”

तेव्हा बोलली. सरांनी वर्गात एचआयव्हीचा धडा घेतला होता. “गोंदणाच्या सुईनं होतो म्हणाले. एकीचं रक्त दुसरीला जातं.”

“आनि?”

“आनि काय नाय. पुढचं पान घरी वाचा म्हणाले. पोरं हसत होती.”

“वाचलंस?”

“आईसमोर कसं वाचू?”

सगळ्या धड्यातली सुई तेवढी तिच्या कानात शिरली होती. बाकीचं तिने मनाने जोडलं. रोग माझ्या हातात, हातातून पिठात, पिठातून तिच्या पोटात. मला तिच्यापेक्षा सरांचा राग आला. त्यांना दोन पोरं आहेत. ती कशी झाली हे ठाऊक असलेल्या माणसाची जीभ वर्गात का अडावी?

तिला घेऊन मी कर्जतच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथे ही तपासणी फुकट होते आणि आधी एक मॅडम बसवून समजावते. माझं ऐकून ती हसली.

“आजी, तेव्हा काही झालं असतं तर आज तुम्ही माझ्यासमोर बसला नसता.”

“मला कळतंय. हिला कळाया पायजे.”

नर्सने नव्या सुईचं पाकीट फोडून माझं रक्त घेतलं. मग मॅडमने नातीला सगळं सांगितलं, सरांनी सोडलेलं पानही. बाई-पुरुषाचा संबंध, निरोध, आईकडून बाळाला कसा जातो ते. एका ताटात जेवल्याने, हात लावल्याने होत नाही, हेही सांगितलं. “आजीला असता, तरी तू तिच्या हातचं खाऊ शकली असतीस.” नात मान हलवत होती. मी माझ्या आईला जे कधी विचारू शकले नाही, ते तिने तिथे विचारलं. मला बरं वाटलं.

निकालाला वेळ होता. बाहेरच्या बाकावर मी फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी, त्यावर सुकट, तिच्या हातात दिली.

“खा.”

तिने घेतली. तळहातावर धरून दाराकडे बघत बसली.

“मॅडमनी काय सांगितलं?”

“खाल्ल्यानं होत नाय.”

“मग?”

“निकाल येऊ दे ना गं, आजी. मग खाते.”

माझी भाकरी मी खाल्ली. तिची वाळत गेली.

निकाल चांगला आला. तिने ती भाकरी संपवली, वर आणखी मागितली. घरी येताना टेंपोत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. संध्याकाळी सून म्हणाली, सुटलो एकदाचे.

मी सुटले नाही. माझं रक्त चांगलं निघालं म्हणून पोरगी जेवली. उद्या तिच्या बाकावरच्या एखादीचं तसं निघालं नाही, तर तिच्या डब्यातलं कोण खाईल? आणि पुढचं पान न कळता या पोरी लग्न होऊन जातील, त्याचं काय?

मी नातीला म्हटलं, सरांना सांग, राहिलेलं पान शिकवा. तिने धीर करून विचारलं.

“काय म्हणाले?”

“तो धडा झाला म्हणाले.”