अण्णांची पांढरी रेघ

जयपाल अण्णांच्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गाडीला दोन दुखणी असतात. एक गाडीचं, एक मालकाचं. गाडीचं अण्णा दुरुस्त करतात आणि मालकाचं तोंडावर सांगतात.

माधवनगर रस्त्याला त्यांचं गॅरेज आणि माझं टायरचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. माझं नाव वीरधवल. नावाला शोभेल असं शौर्य मी आयुष्यात एकच केलंय, ते म्हणजे बावीस वर्षं अण्णांचा शेजार काढलाय.

अण्णांच्या दोन गोष्टी अख्ख्या सांगलीला माहीत आहेत. पहिली त्यांची पांढरी रेघ. बोल्ट आवळला की ते डबीतला पांढरा रंग काडीवर घेतात आणि बोल्टावरून खालच्या लोखंडापर्यंत बारीक रेघ ओढतात. रेघ तुटली की बोल्ट फिरला, असं समजायचं. "माझी रेघ तुटली तर गॅरेजला कुलूप घालीन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जुनी गाडी घेणारे लोक वाकून आधी ती रेघ आहे का बघतात. दुसरी गोष्ट म्हणजे जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवण, मग सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. घर गॅरेजच्या मागंच आहे. राजमती काकू मागच्या दारात उभ्या राहून "दिवस टेकला वो!" म्हणाल्या की अण्णा गाडीखालून सरपटत बाहेर येतात. समोर कलेक्टरची गाडी असली तरी ती उद्यावर जाते.

तिसरी गोष्ट फक्त मला माहीत आहे. दुसरा कुणी गाडी चालवत असला की अण्णांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. एकदा मी त्यांना मिरजेला नेलं, तर परतल्यावर त्यांनी दोन दिवस पोटरीला तेल चोळलं.

अश्लेषा डॉक्टर या जनावरांच्या डॉक्टर. राहायला विश्रामबागेत, पण त्यांचे पेशंट सगळे कडेगावकडच्या गोठ्यांत. गाय अडली की लोक फोन करतात आणि गोठा असतो उसाच्या पल्याड, चिखलाच्या वाटेवर. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या कमाईतून जुनी फोर व्हील जीप घेतली. मागच्या पावसाळ्यात ती दोनदा चिखलात बसली, तेव्हा त्यांनी मोठे टायर घालायचं ठरवलं. टायर मी दिले. ते मडगार्डला घासू नयेत म्हणून अण्णांनी जीप दोन इंच उचलून दिली. जीप अशी झोकात दिसायला लागली की मीच दिवसातून चारदा तिच्याभोवती फिरून आलो.

पण पुढच्याच आठवड्यात डॉक्टर परत आल्या. साठच्या पुढं काटा गेला आणि चाक खड्ड्यात आदळलं की स्टेअरिंग थडथडायला लागायचं. मग सगळं पुढचं अंग नाचायचं आणि गाडी जवळजवळ उभी करेपर्यंत थांबायचं नाही.

पहिला आरोपी अर्थातच मी.

"वीऱ्या, टायर इकलंस का भोपळं रं?" अण्णा म्हणाले.

मी चारी चाकं त्यांच्या डोळ्यांसमोर दोनदा बॅलन्स करून दाखवली. मग अण्णांनी स्टेअरिंगचे हादरे जिरवणारा डँपर नवा घातला. आठ दिवस गाडी शहाण्यासारखी वागली आणि नवव्या दिवशी पुन्हा नाचली. मग अलाइनमेंट झालं. मग अण्णांनी जीप जॅकवर चढवून एकेक जॉइंट हातानं हलवून पाहिला. कशातच ढिलेपणा नव्हता. आता उरलं मालकाचं दुखणं.

"गाडीत काय बी दोष न्हाई," अण्णांनी निकाल दिला. "बाईंचा हातच हलका हाय. स्टेअरिंग धरायला मनगाट लागतंय."

मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचे सासरे, शरच्चंद्र सर, स्कूटरमध्ये हवा भरायला आले आणि मी ते वाक्य त्यांनाही ऐकवलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे बायको सांगते तेव्हा मला राग येतो. पण आहे ते आहे.

सर चांगला माणूस. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं. भित्रे मात्र भारी. सुनेचा हात हलका आहे असं मिस्त्रीच म्हणतो, म्हटल्यावर त्यांची झोप उडाली. दोन दिवसांत जीपच्या मागच्या काचेवर "विकणे आहे" असा कागद लागला. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. डॉक्टरांनी आता विश्रामबागेतच जनावरांच्या औषधांचं दुकान टाकावं, असं सरांनी ठरवून टाकलं. दुकानात बसून अडलेली गाय सुटत नाही, आणि एसटीनं गोठ्यावर पोचेपर्यंत वासरू जिवंत राहत नाही, हे गणित सरांना कुणी घातलं नव्हतं.

शनिवारी दुपारी डॉक्टर गॅरेजात आल्या. डोळे रडल्यासारखे होते, आवाज मात्र खणखणीत.

"अण्णा, शेवटचं एकदा बघा. उद्या गाडी जाईल."

"चार बारी बघितली की. जॅकवर चढवून बघितली."

"म्हणजे चाकं हवेत होती?"

"मग? त्याबिगर जॉइंट हलत्यात व्हय?"

"अण्णा, लंगडणारा बैल मी आडवा पाडून तपासत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला उभा करते, चालवते. पायावर भार आला की कुठं दुखतंय ते कळतं. आडव्या पडलेल्या बैलाचे चारी पाय चांगलेच असतात."

अण्णांनी दुसऱ्याचं ऐकून जॅक बाजूला सारला. मी तारीख लिहून ठेवणार होतो.

"तुम्ही वर बसा," डॉक्टर म्हणाल्या. "चाकं जमिनीवरच राहू देत. इंजिन चालू करून स्टेअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं करत राहा. मी खालून हात लावून बघते."

"तुमी खाली जानार?"

"गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते मी. तुमच्या ग्रीसचं काय घेऊन बसलात?"

त्या पोतं अंथरून जीपखाली शिरल्या. मी बॅटरीचा उजेड धरून बसलो. वर अण्णा स्टेअरिंग हलवत होते आणि खाली डॉक्टर एकेका जॉइंटवर तळहात ठेवत होत्या. इथं नाही. इथंही नाही. पुढचा आस चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बांधून ठेवणारी एक आडवी दांडी असते. तिच्या वरच्या टोकाशी त्यांचा हात थांबला.

"अण्णा, पुन्हा हलवा. इथं हाताला टक् टक् लागतंय."

मी उजेड टाकला आणि चिंधीनं चिखल पुसला. बोल्टावर पांढरी रेघ नव्हती. तुटलेली नव्हे, मुळात ओढलेलीच नव्हती.

बावीस वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो. काय काय बोलायचं ते पाठ होतं. पण अण्णा खाली आले, जीपखाली आडवे झाले आणि त्या बोल्टाकडं असे बघत राहिले की मी नुसती बॅटरी सरळ धरली. मला त्यांची दया आली, हे खरं सांगतो.

"जीप उचलली तवा हीच दांडी सोडलीवती," ते हळूच म्हणाले. "शेवटचा बोल्ट ह्योच. हातानं फिरवून ठिवला आन् हिनं हाक मारली. पाना लावायचा राहिला. सकाळी वाटलं, झालंय सगळं."

चार वेळा त्यांनी सगळ्यांची कामं तपासली होती. माझं, डँपरच्या कंपनीचं, अलाइनमेंटवाल्याचं. स्वतःचं तेवढं तपासलं नव्हतं.

ढिल्या बोल्टानं भोक थोडं लांबट केलं होतं. अण्णांनी भोक साफ करून जाड बोल्ट घातला, नवा रबरी बुश बसवला आणि जीप चाकांवर उभी असतानाच पाना लावून आवळला. मग रेघ ओढली. नेहमीपेक्षा जरा जाडच ओढली. आम्ही तासगाव रस्त्याला गेलो. डॉक्टरांनी काटा सत्तरवर नेला आणि मुद्दाम खड्ड्यात चाक घातलं. स्टेअरिंग गप्प. अण्णांचा उजवा पाय मात्र जाऊन येईपर्यंत दाबलेलाच होता.

परत आलो तर काकू दारात उभ्या. "दिवस टेकला वो! ताट वाढलंय."

"तू जेवून घे," अण्णा म्हणाले. "डॉक्टर, गाडी तुमच्या घराकडं घ्या."

काकूंनी आधी आभाळाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. मी म्हणालो, "अण्णा, पंधरा मिनिटांत जेवून घ्या की. सर काय पळून जात्यात?"

"त्या दिशी बी पंधराच मिनिटं हुती," अण्णा म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. अण्णांनी पायरीखाली चपला काढल्या आणि उभ्यानंच बोलले.

"सर, तुमच्या सुनंला मी नाव ठिवलं. चूक माझी हुती. बोल्ट मी ढिला सोडला. दुसरा कुनी असता तर गाडी उसात घातली असती. ह्यांनी एवढे दिवस तसली गाडी धरून ठिवली. हात हलका न्हाई, सर. लय भक्कम हाय."

"आणि ते बोलणं तुमच्यापर्यंत आणलं मी," मी म्हणालो. मलाही कुठंतरी चपला काढायच्याच होत्या.

सरांनी पेपरची घडी घातली. मग उठले, फाटकाशी गेले आणि जीपच्या काचेवरचा कागद नखानं खरवडायला लागले. गिऱ्हाइकाला फोन त्यांनी तिथूनच केला. डॉक्टर नुसत्या बघत होत्या. आता मात्र त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"बसा, उप्पीट सांगतो," सर अण्णांना म्हणाले.

अण्णांनी बाहेर बघितलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते. "न्हाई सर, दिवस गेला." पाणीसुद्धा घेतलं नाही.

परतताना डॉक्टरच चालवत होत्या. अण्णा पुढं, मी मागं. कॉलेजचा कोपरा गेला आणि मी सवयीनं वाकून त्यांच्या उजव्या पायाकडं बघितलं. पाय सैल पडला होता. मान खिडकीला टेकली होती, तोंड थोडं उघडं होतं, आणि उपाशीपोटी अण्णा गाढ झोपले होते. माधवनगरच्या खड्ड्यात जीप आदळली, तरी त्यांना जाग आली नाही.