सांधे शांत, तरी आकडा वर

भानुदासमामा रक्त द्यायला बसले की दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून ठेवायचे. सुईची भीती म्हणून नव्हे, माझा भरवसा नाही म्हणून. कळंबला मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. असा पेशंट मला दुसरा भेटला नाही. "नळीवर कुणाचं नाव लिवलंय? दाखवा बघू," म्हणायचे. मी दाखवली की चष्मा सारखा करून अक्षर न् अक्षर वाचायचे.

"सारी नोकरी एसटीत कंडक्टरकी केली, ताई. लोक झोपेचं सोंग घेत्यात, दुसऱ्याचा पास दावत्यात. म्या कुणाचं खरं धरत न्हाय."

त्यांना आमवात होता. सकाळी बोटं इतकी सुजलेली असत की सदऱ्याची गुंडी कौसल्यामामी लावून द्यायच्या. पुढे डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू केल्या आणि हळूहळू मूठ मिटायला लागली. आजार किती जोरात आहे ते कळावं म्हणून अधूनमधून सीआरपी आणि ईएसआर तपासायचे. अंगात कुठेतरी दाह धुमसतोय, एवढं या तपासण्या सांगतात. कुठे, ते सांगत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मामा ताठ चालत आले, हाताची मूठ मिटून दाखवली. रिपोर्ट मात्र भलताच निघाला. दोन्ही आकडे कितीतरी पटींनी वर.

"हे माझं रगत न्हाय," मामा उसळले. "बदललंय तुमी."

मला राग आला. तरी मनात पाल चुकचुकलीच. मी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तेच. मामांनी धाराशिवला जाऊन तिसऱ्यांदा तपासलं. तिथला आकडा आणखी वर. मग तिन्ही कागद घेऊन ते डॉक्टरांकडे निघाले आणि साक्षीला म्हणून मलाही शेजारच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला. कुठे सूज नाही, कळ नाही. "मामा, सांधे शांत आहेत. मग हे कशानं वाढलंय? ताप? खोकला?"

"काय बी न्हाय."

 डॉक्टर सोबत आलेल्या मामींकडे वळले. मामींनी पदर तोंडाला लावला.

"कवसल्ये, गप बस," मामा म्हणाले.

"लई दिस गप बसले," मामी म्हणाल्या. "सांजच्याला अंग तापतंय. उशीत तोंड खुपसून खोकत्यात. सांगितलंस तर बघ, म्हणत्यात मला."

मामांची मान खाली गेली. "गोळ्या बंद करशाल म्हणून, सायेब. लई दिसांनी हातानं भाकर मोडून खातुया. पुन्ना कुणी भरवावं, असं न्हाय वाटत."

छातीचा फोटो आणि बेडका तपासला. क्षय निघाला. सांध्यांच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. त्या तशाच चालू राहिल्या असत्या, तर छातीतला रोग वाढतच गेला असता. डॉक्टरांनी त्या थांबवल्या. व्हायचं तेच झालं, बोटं पुन्हा सुजली. क्षयाचा कोर्स संपेपर्यंत मामी घास भरवत होत्या आणि मामा भिंतीकडे बघत चावत होते. रोजची गोळी गिळली की मामी त्यांना तोंड उघडायला लावायच्या, जीभ वर करून बघायच्या. आता त्या नवऱ्याच्या शब्दावर विसंबत नव्हत्या.

छाती निवळली. सांध्यांची औषधं पुन्हा बेताबेताने सुरू झाली. यंदा पावसाळा सरल्यावर दोघं लेकीकडे लातूरला राहायला निघाली, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये आली. मी म्हणाले, "मामा, काळजी करू नका. तिथं मोठ्या लॅब आहेत, माणसंही चांगली आहेत."

मामांनी चष्मा सारखा केला.

"असतील. पर ती मला वळखत न्हाईत, ताई. म्या सांगीन ते खरं धरतील."

"म्या हाय की संगं," मामी म्हणाल्या आणि त्यांच्या दंडाला धरून पायऱ्या उतरल्या.