कोपऱ्यातलं नाव

दुपारी शाळेच्या ऑफिसात फोन आला. पलीकडून मामी बोलत होती. "तुझे मामा गेले," एवढंच म्हणाली. मी वर्गात परत गेलो, धडा पूर्ण केला आणि दौंडची एसटी धरली.

मामा दौंडला बोर्ड रंगवायचे. बारावीनंतर, नव्वदच्या दशकात, मी मांडवगण फराट्याहून त्यांच्याकडे शिकायला जाऊन राहिलो. अक्षरं मला वाचायला आवडायची आणि नुसती बघायलाही. माझं वाचन मामांना खुपायचं. ते मला मास्तर म्हणत, आणि त्यात माया नव्हती.

पहिला बोर्ड मिळाला तो भांडगावच्या एका पिठाच्या गिरणीचा. मी डावीकडून ऐसपैस सुरुवात केली आणि शेवटची अक्षरं कडेला येऊन चेंगरली. गिरणीवाला उभा होता, दळणाला आलेल्या बाया उभ्या होत्या. मामांनी रॉकेलचा बोळा घेतला आणि ओला बोर्ड सगळाच्या सगळा पुसून टाकला. "मास्तर, अक्षरं लिवली का मेंढरं कोंडली?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. चुकलं कुठं, ते मामांनी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही... फक्त पुसत गेले.

जेवायला वाढताना मामी हळूच म्हणाली, "त्यांच्या तोंडाकडं नगं बघू. हाताकडं बघ." मी बघू लागलो. मामा खडूने आधी बोर्डाचा मध्य काढायचे, मधलं अक्षर तिथं ठेवायचे आणि मग दोन्ही बाजूंना सरकत जायचे. एवढंच होतं ते. एका वाक्यात सांगता आलं असतं. टीका पचवावी असं लोक म्हणतात. मी ती पचवली नाही. तिच्यातलं कामाचं तेवढं काढून घेतलं. उरलेलं अजून तसंच आहे.

बोर्ड पूर्ण झाला की उजव्या कोपऱ्यात खाली पेंटर आपलं नाव टाकतो. मला तेवढंच हवं होतं. दोनेक वर्षांनी त्याच गिरणीचा नवा बोर्ड मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने रंगवला. मामा पोत्यावर बसून चहा पीत होते. गिरणीवाला म्हणाला, "आप्पा, भाच्याचा हात बसला की हो!" मी बारीक ब्रश उचलला.

"मामा, खाली माझं नाव टाकू?"

"कशाला? गिऱ्हाईक तुझ्या नावानं येतंय व्हय?"

त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं. त्या जूनमध्ये मी डी.एड.ला गेलो.

पुढे फ्लेक्स आले आणि मामांचं काम आटलं. एका दिवाळीला भेटायला गेलो, तर दुकानात कोरा पत्रा भिंतीला टेकवून ठेवलेला. मामांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "घ्या मास्तर, टाका आता नाव. मी कुठं न्हाई म्हणतोय?" हे ते मनापासून म्हणत होते की टोमणाच होता, मला कळलं नाही. मी ब्रश घेतला आणि डब्यात ठेवून दिला. मामी चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत होतो...

फळ्यावर तारीख लिहितानाही मी आधी मध्य शोधतो. मुलांची पाटी मात्र पुसत नाही.

दहावा उरकल्यावर मी भांडगावला जाऊन आलो. गिरणी चालू आहे. बोर्ड विटलाय, पण लांबून वाचता येतो. अक्षरं माझी आहेत. कोपऱ्यात नाव मामांचं आहे.